काजळी कुरवाचा दुसरा साक्षीदार

निसर्गापुढे माणूस आपोआप नम्र होतो, आणि ही नम्रता हिवाळ्यात रत्नागिरीत पक्षी बघणाऱ्यांमध्ये दिसते तेवढी कुठेच दिसत नाही. आमच्या पक्षीमंडळातली माणसं इतकी नम्र आहेत, की दुसऱ्याला दिसलेला पक्षी आपल्याला दिसला नाही तर तो मुळात पक्षीच नव्हता, असं ती अतिशय नम्रपणे सिद्ध करतात.

राजाराम शितप या मंडळाचे जुने सभासद. एसटीत वाहतूक नियंत्रक होते. म्हणजे सगळी नोकरी त्यांनी खिडकीमागे माइकसमोर बसून, न आलेल्या गाड्यांबद्दल लोकांना आशेवर ठेवण्यात घालवली. न येणाऱ्या पक्ष्याची वाट बघायला इतका मुरलेला माणूस जिल्ह्यात दुसरा नव्हता.

त्यांची इच्छा साधी होती. दर वर्षी उन्हाळ्यात कोकणातल्या हिवाळी पक्ष्यांचा एक अहवाल छापून निघतो. त्यात 'उल्लेखनीय पक्षी' या मथळ्याखाली 'जिल्ह्यातील पहिली नोंद' असं लिहून पुढे आपलं नाव यावं, बस. निरोपसमारंभाच्या फोटोशेजारी त्या पानासाठी त्यांनी खिळासुद्धा ठोकून ठेवला होता. चौकट करून घेतली होती. आत काही नव्हतं.

अहवालाच्या समितीचे दोन नियम. एक, पक्षी दोघांनी मिळून पाहिलेला हवा. एकट्याला दिसतो तो भास. दोन, एका हिवाळ्यात एका जिल्ह्यातून दहाच्या वर नोंदी आल्या, तर तो पक्षी उल्लेखनीय राहत नाही. तो नुसता पक्षी होतो.

तर गेल्या डिसेंबरात, एका रविवारी सकाळी, मिरकरवाड्याच्या जेट्टीवर राजारामांना काजळी कुरव दिसला.

कुरव म्हणजे समुद्रावरचे ते पांढरे, भांडखोर पक्षी, ट्रॉलरमागून ओरडत येतात ते. ते हिवाळ्यात ढिगाने असतात. हा मात्र वेगळा होता. डोकं काजळ फासल्यासारखं, मानेवर पांढरी पट्टी, चोच लांब. उपड्या टाकलेल्या क्रेटवर एका पायावर उभा होता. उडाला तेव्हा कळलं, त्याला डावा पंजाच नव्हता. कधीतरी जाळ्यात गेला असावा. राजारामांनी मोबाइलवर फोटो काढला. चांगला आला. मग दुसऱ्या साक्षीदारासाठी ते मागे वळले.

मागे त्यांची पत्नी प्रेमला होती, पण पाठमोरी.

"अगो, बघ! लवकर बघ!"

"थांबा जरा. ही सौंदाळे शिळे देताय." मग मासेवालीला, "बाई, डोळे बघ त्याचे, डोळे. गेल्या रविवारचा हाय."

ती वळली तोवर पक्षी एका ट्रॉलरमागून उत्तरेला गेला होता.

"तू बघितलास असं सांगायचं," घरी आल्यावर राजाराम म्हणाले.

"मी नाय बगितला. मी सौंदाळे बगत होते."

"एवढी सही कर."

"सौंदाळ्यावर करते. करू?"

प्रश्न सोपा होता. कुरव परत आला, की शेजारी जाणता माणूस उभा हवा. असा माणूस त्यांच्याच इमारतीत, त्यांच्याच डोक्यावर राहत होता. महेंद्र जाधव सर, कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. पण तीन हिवाळ्यांपूर्वी राजारामांनी भाट्याच्या किनाऱ्यावर मोरघार पाहिल्याचं मंडळाच्या ग्रुपवर टाकलं होतं, आणि सरांनी खाली लिहिलं होतं, 'साधी घार आहे. चष्म्याचा नंबर तपासावा.' त्यावर सतरा जणांनी अंगठे दाखवले. तेव्हापासून दोन्ही घरांत बोलणं फक्त पाण्याच्या पंपाबद्दल, आणि तेही बायकांमार्फत.

"वर जावा नि सरांना घेऊन जावा जेट्टीवर," प्रेमला म्हणाली.

"मी जाऊ? त्या माणसाकडे?"

"मग मी जाते."

ती गेली आणि निरोप घेऊन आली. "सर म्हणतायत, मला काय अडचण नाय. पण ज्याला पक्षी दिसला त्याने येऊन बोलवावं."

"बघितलंस? अट घालतोय!"

"जिना चढायची अट हाय ती. दहा पायऱ्या हायत."

दहा पायऱ्या वाचवण्यासाठी राजारामांनी अख्खी किनारपट्टी कामाला लावली. एसटीतल्या जुन्या लोकांचा त्यांचा एक ग्रुप होता. समुद्राकाठच्या गावांत रात्री वस्तीला जाणाऱ्या गाड्यांचे ड्रायव्हर-कंडक्टर त्यात होते. सकाळी गाडी सुटेपर्यंत त्यांना चहा पिण्यापलीकडे काम नसतं. राजारामांनी फोटो टाकला आणि खाली घोषणेच्या थाटात लिहिलं: 'काळं डोकं, लांब चोच, डावा पंजा नाही. दिसल्यास तात्काळ फोटो काढून समितीस कळवावे.'

पहिला फोन केळशीहून आला. कंडक्टर अजिंक्य.

"काका, गावला तुमचा पक्षी! मासे वाळत घातलेत तिथं बसलेला. फोटो काढला, समितीला पाठवला पण."

"शाब्बास! माझं नाव घातलंस ना?"

"तुमचं कसं घालणार काका? फॉर्मात दोनच नावांची जागा. एक माझं, एक आमच्या दीपक ड्रायव्हरचं. लगेच मंजूर झाली नोंद!"

राजारामांच्या लक्षात आलं, पण उशिरा. ड्रायव्हर-कंडक्टर ही जगातली एकमेव जोडी आहे जी रोज सकाळी एकाच ठिकाणी, एकाच वेळी, काहीही न करता उभी असते. दुसऱ्या साक्षीदाराची अट त्यांना जन्मतः पुरी होती. पुढच्या आठवड्यांत हर्णैहून नोंद आली, जयगडहून आली, पूर्णगडहून आली. ट्रॉलर जाईल तिथे कुरव जात होता, आणि कुरव जाईल तिथे एसटी आधीच पोचलेली होती. तिच्या इतिहासात हे असं पहिल्यांदाच घडत असावं.

"काका, थँक्यू हां," नाटे गावच्या वस्तीच्या गाडीचा एक ड्रायव्हर फोनवर म्हणाला. "बायको म्हणते, पहिल्यांदाच माझं नाव चांगल्या कामात आलं."

फेब्रुवारीत समितीचं पत्र आलं. जिल्ह्यातून काजळी कुरवाच्या अकरा मंजूर नोंदी झाल्याने तो यापुढे उल्लेखनीय धरला जाणार नाही. श्री. शितप यांनी एकट्याने पाहिलेल्या पक्ष्याबद्दल समिती खेद व्यक्त करते.

राजाराम बराच वेळ रिकाम्या चौकटीकडे बघत बसले. मग उठले, चप्पल घातली आणि दहा पायऱ्या चढले.

दार सरांनीच उघडलं. दोघांनीही आधी पंपाबद्दल विचारलं. मग राजारामांनी ग्रुपवर आलेले अकरा फोटो टेबलावर मांडले, आणि बारावा आपला.

सरांनी भिंग काढलं. "शितप, हा सगळा एकच पक्षी आहे."

"तेच तर म्हणतोय मी!"

"अकरा नोंदी नाहीत. एक नोंद आहे, अकरा वेळा मोजलेली. आणि तारखा बघता पहिल्यांदा तुम्हाला दिसला."

"सर, तुम्ही लिहून द्याल?"

"देईन की. मला कुणी विचारलंच नव्हतं." सरांनी कागद ओढला. मग म्हणाले, "ती घारच होती पण."

"मोरघार."

"बरं, ते नंतर बघू."

दोघांनी मिळून पत्र लिहिलं. समितीत विद्वान माणसं आहेत, त्यांना फोड करून सांगणं बरं दिसणार नाही, असं सरांचं मत पडलं. म्हणून पत्र एका वाक्याचं झालं: 'बाराही फोटोंतील पक्ष्याला डावा पंजा नाही, याची समितीने कृपया नोंद घ्यावी.' खाली दोघांच्या सह्या. इतक्या दिवसांनी प्रेमलाने वर चहा पाठवला.

मे महिन्यात अहवाल आला. उल्लेखनीय पक्ष्यांत काजळी कुरव नव्हता, शितप नव्हते, जाधवही नव्हते. समितीने नोंद मात्र घेतली होती. मागच्या बाजूला 'नेहमीचे हिवाळी पाहुणे' या यादीत, 'ओळख' या रकान्यात छापलं होतं: 'काजळी कुरव. डोके काळे, चोच लांब. या जातीला डावा पंजा नसतो.'