माझ्यात रुतलेली निळी क्ले

मित्रांनो, मी एक जुना गालिचा आहे. रंगाने लाल, कडेने पिवळसर वेलबुट्टी असलेला. बैठकीच्या खोलीत सोफ्यापुढे मी पसरलेला असतो. पाय माझ्यावर सगळेच ठेवतात, पण वाकून माझ्याकडे बघणारे थोडे. म्हणून माझ्यावर ओढवलेल्या त्या सहा दिवसांची हकिकत मलाच सांगावी लागणार आहे.

माझा जन्म एका विणकामाच्या कारखान्यात झाला. लांबट, पत्र्याच्या छपराची ती खोली होती आणि तिच्यात ओळीने माग उभे होते. माझ्या मागापुढे फळीवर बसून एक बाई लोकरीची एकेक गाठ मारत असे. गाठ मारायची, सुरीने लोकर कापायची, ओळ पुरी झाली की लोखंडी पंजाने ठोकून घट्ट बसवायची. असे अकरा महिने चालले. तिच्या धाकट्या भावाचा नवा संसार मांडायचा होता आणि मी त्याच्यासाठी विणला जात होतो. ती कामात इतकी बुडून जाई, की शेजारच्या मागावरची बाई तिला म्हणे, "अगं, जेवायला तरी ऊठ. गालिचा काही पळून जात नाही."

मी पळालो नाही. गुंडाळी होऊन या घरी आलो.

सुरुवातीचे दिवस कौतुकाचे होते. आलेला पाहुणा आधी मला हात लावून बघे आणि मग बसे. पण कौतुक नव्या वस्तूचे असते. पुढे माझ्यावर चहा सांडला, सोफ्याच्या पायांनी मला खळगे पाडले, खिडकीतल्या उन्हाने एक कोपरा फिकट केला. घरातले बाबा इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करतात आणि आई रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. दोघेही दमून घरी येतात. माझी झाडलोट पंधरवड्यातून एकदा झाली, तरी मी ते नशीब समजत असे.

मग या घरात एक मुलगी आली. एका जागी तिचा पाय ठरत नाही म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणतात. ती रांगली माझ्यावर, पहिले पाऊल टाकून पडली तीही माझ्यावर. गेल्या वर्षी, सहा वर्षांची असताना, ती झोक्यावरून पडली आणि तिचे उजवे मनगट मोडले. प्लॅस्टर निघाले तेव्हा हात वाळक्या काडीसारखा झाला होता आणि बोटांत जोर उरला नव्हता. डॉक्टरांनी सांगितले, "हिला रोज क्ले मळायला द्या. खेळता खेळता व्यायाम होईल."

आईने क्लेचे, म्हणजे खेळायच्या रंगीत मऊ मातीचे, चार डबे आणले आणि एकच अट घातली. "क्ले फक्त टेबलावर. गालिच्यावर अजिबात नाही."

अट चांगली होती. पण टेबल उंच होते. खुर्चीत बसले की भिंगरीचे पाय लोंबकळत आणि दुबळ्या हाताने वरून दाब देता येत नसे. तिच्या ओळखीची जमीन म्हणजे मी.

त्याच आठवड्यात आत्या येणार होती. आत्या म्हणजे जिने मला विणले तीच. तिचा एक डोळा पूर्वीच निकामी झाला होता आणि दुसऱ्यात मोतीबिंदू पिकला होता. त्या एकुलत्या एका डोळ्याचे ऑपरेशन करायला ती आमच्याकडे यायची होती. घरात हळू आवाजात बोलणी चालत. भिंगरीला त्यातले एवढेच कळले, की आत्याला दिसत नाही. तिने ठरवले, आत्यासाठी चष्मा करायचा.

पहिल्या दिवशी दुपारी आई फोनवर बोलत होती. भिंगरीने निळ्या क्लेचा अख्खा डबा माझ्यावर उपडा केला. काचा चपट्या व्हायला हव्यात म्हणून तिने आधी मुठीने ठोकले, मग टाचेने दाबले, मग ती त्यावर उभी राहून गोल फिरली. चष्मा उचलायला गेली, तर वरचा पापुद्रा हातात आला आणि बाकीची क्ले माझ्या लोकरीतच राहिली.

ती नखांनी उकरू लागली. नखांनी क्ले आणखी आत गेली. मग ती ओला रुमाल घेऊन आली आणि घासत सुटली. मित्रांनो, ते घासणे मी विसरणार नाही. निळा रंग पाघळला, तळहाताएवढा डाग ताटलीएवढा झाला. भिंगरी थांबली. तिने सोफ्यावरची मोठी उशी ओढून डागावर टाकली आणि तिच्यावर बसून राहिली.

त्यानंतर दोन दिवस ती तिथेच बसली. जेवायला हाक मारली तर ताट तिथेच मागितले. शेजारची मैत्रीण खेळायला बोलवायला आली, तर नको म्हणाली. आईने कपाळाला हात लावून बघितला. "ताप तर नाही. मग झालंय काय हिला?" उशीखाली मी होतो आणि उशीवर ती. तिच्या छातीतली धडधड माझ्या ताण्याबाण्यापर्यंत येत होती. मलाही माझी काळजी होतीच. खालच्या मजल्यावरच्या लोकांनी त्यांचा डागाळलेला गालिचा गुंडाळून जिन्याखाली टाकला होता आणि तो तिथे कुबट वास मारत पडला आहे, असे मी याच खोलीत ऐकले होते.

तिसऱ्या दिवशी आईने व्हॅक्यूम क्लीनर काढला आणि भिंगरी न्हाणीघरात गेल्याची संधी साधून उशी उचलली.

"हे कधी झालं?" आईने विचारले. न्हाणीघरातून परतलेली भिंगरी दाराआड सरकली.

आईने बाबांना हाक मारली. बाबांना कुठल्याही बिघाडावर लगेच हात चालवायची सवय. ते म्हणाले, "गरम पाण्याने निघेल," आणि किटली घेऊन आले. कढत पाणी माझ्यावर पडताच माझी लोकर आक्रसली आणि तिची गुठळी झाली. वरवरचा निळा रंग मुळाशी जाऊन बसला. बाबांनी मग कात्री आणली. "वरचे धागे कापून टाकू, काय कळणार आहे?"

भिंगरी धावत आली आणि माझ्यावर पालथी पडली. "कापू नका. आत्याने केलाय तो."

बाबांनी कात्री खाली ठेवली. आई सोफ्यावर टेकली. "आता ताईंना काय सांगायचं? आधीच त्यांच्या जिवाला घोर लागलाय. हा काढून टाकायचा म्हटलं, तर आल्या आल्या पहिल्यांदा यावरच पाय ठेवतील."

"काढायचा नाही," बाबा म्हणाले. "फिरवून घालू. डागाची बाजू सोफ्याखाली जाईल. ऑपरेशन होऊ दे, मग सांगू. तसंही तिला दिसणार थोडंच आहे."

बोलून गेल्यावर त्यांचे त्यांनाच कसेसे झाले असावे. त्यांनी रिकामी किटली उचलून आत नेऊन ठेवली. मग दोघांनी मला उचलून उलट दिशेने फिरवले, सोफा माझ्या डागावर ओढला आणि बाबा भिंगरीला म्हणाले, "आत्याला यातलं काही बोलायचं नाही हं."

अंधारात मला बरे वाटायला हवे होते. पण ज्या मुलीने मला वाचवायला माझ्यावर अंग झोकून दिले होते, तिच्या तोंडाला कुलूप लागले होते आणि त्याला कारण मी होतो.

चौथ्या दिवशी आत्या आली. एका हाताने भावाचा दंड धरून आणि दुसऱ्याने भिंत चाचपत ती खोलीत शिरली. सोफ्यावर बसली, चपला काढल्या आणि सवयीने पाय माझ्यावरून मागेपुढे फिरवला. पाय मध्येच थांबला.

तुम्हाला ठाऊक नसेल, पण हाताने विणलेल्या गालिच्याची लव एका बाजूला झुकलेली असते, मांजराच्या केसांसारखी. एका दिशेने हात फिरवला की मऊ लागते, उलट फिरवला की खरखरीत.

"गालिचा फिरवलात का रे?" आत्याने विचारले.

बाबा म्हणाले, "हो. खिडकीकडच्या बाजूचा रंग उडत होता, म्हणून."

"बरं केलंस," आत्या म्हणाली.

तिने विश्वास ठेवला, याचाच सगळ्यांना जास्त त्रास झाला. संध्याकाळी जेवताना भिंगरीने दोन घास खाल्ले आणि पोट दुखते म्हणून उठली.

पाचव्या दिवशी सकाळी बाबा कामावर गेले. आईने रजा घेतली होती. ती आत दुसऱ्या दिवशीच्या हॉस्पिटलची पिशवी भरत होती. आत्या सोफ्यावर हात जुळवून बसली होती. भिंगरी तिच्याजवळ आली, गेली, पुन्हा आली. शेवटी तिने आत्याचा हात धरला, तिला खाली माझ्यावर बसवले आणि तो हात सोफ्याखाली ओढत नेऊन डागावर ठेवला.

आत्याची बोटे माझ्यावर हळूहळू फिरली. अकरा महिने माझ्या एकेका गाठीवरून गेलेली बोटे ती.

"हे काय आहे?"

"क्ले. निळी. माझ्याकडून झालं." पुढचे शब्द रडण्यात वाहून गेले. टेबल, चष्मा, रुमाल, उशी, सगळे एकदमच बाहेर आले.

आत्याने तिला रडू दिले. मग विचारले, "आणि गरम पाणी कोणी ओतलं?"

"तुला कसं कळलं?"

"लोकर गोळा झालीय इथे. गरम पाण्याशिवाय अशी होत नाही."

"बाबांनी," भिंगरी म्हणाली आणि घाबरून तोंडावर हात ठेवला.

आत्या हसली. "त्याला लहानपणापासून घाई. बरं, क्ले सुकलीय, ते आपल्या पथ्यावर पडलं. आईला हाक मार."

आई आली आणि दोघींना जमिनीवर बघून सगळे समजली. "ताई, मी सांगणारच होते—"

"ते नंतर. आधी सोफा सरकव. आणि बर्फ, एक बोथट चमचा, जुना कंगवा आणि पांढरं फडकं दे. पांढरंच हवं, रंगीत फडक्याचा रंग याला लागेल."

बर्फ पिशवीत घालून आत्याने डागावर धरला. क्ले दगडासारखी कडक झाली. मग भिंगरीच्या हातात चमचा देऊन तिने वर आपला हात ठेवला. "खरवडायचं नाही. कडेवरून मधे टिचकी मारल्यासारखं करायचं. तुकडा आपोआप सुटतो." तुकडे सुटले. कंगवा लवेच्या दिशेने फिरला, भुगा वर आला, आईने तो व्हॅक्यूमने ओढून घेतला. मग गार पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब. आत्याने आधी माझ्या एका कोपऱ्यावर थेंब टाकून फडक्याला लाल रंग लागतो का, ते आईला बघायला लावले. नंतर डागावर फडके नुसते टेकवायचे आणि उचलायचे.

"फडक्यावर निळं येतंय?" आत्या विचारी.

"येतंय."

"आता?"

"थोडं कमी."

आत्याला दिसत नव्हते आणि भिंगरीच्या मनगटात जोर नव्हता. एकीची बोटे आणि दुसरीचे डोळे, असे ते काम तासभर चालले. भिंगरीचा हात दुखू लागला की दोघी थांबत. अशाच एका थांब्यात आत्या म्हणाली, "मला उद्याची फार भीती वाटतेय गं. एकच डोळा आहे."

"तू कोणाला सांगितलंस?"

"आत्ता तुला."

भिंगरीने थोडा विचार केला. "मी सांगितल्यावर माझं पोट दुखायचं थांबलं," ती म्हणाली. आत्याने तिला जवळ ओढले. आई तोंड फिरवून फडके पिळत राहिली.

दुपारी बाबा लवकर घरी आले आणि सरकवलेला सोफा बघून दारातच उभे राहिले.

"उन्हाने उडालेला रंग बराचसा निघाला बरं का," आत्या म्हणाली.

बाबा तिच्यासमोर माझ्यावर येऊन बसले. "ताई, चुकलं माझं. तुला दिसणार नाही, असं म्हणालो मी."

"डोळा गेला तरी पाय शाबूत आहेत माझे," आत्या म्हणाली. पण मग तिचा आवाज खाली आला. "अरे, गालिच्याला डाग पडला तर पडू दे. ज्यांच्या डोळ्यांनी मला बघायचंय, तेच मला फसवायला लागले तर मी कुणाचा हात धरू?"

बाबांनी तिचा हात हातात घेतला. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात जाताना जिना उतरेपर्यंत त्यांनी प्रत्येक पायरी मोजून तिला सांगितली. दारातून ते आवाज मी ऐकत होतो. "आता सातवी. ही जरा मोडकी आहे, सांभाळ."

ऑपरेशनला वेळ लागला. पट्टी निघेपर्यंतचा काळ घरातल्या सगळ्यांनी जीव मुठीत धरून काढला. आत्याला आता दिसते. पूर्वीइतके स्पष्ट नाही. पण रस्ता ओलांडता येतो आणि माणसाचा चेहरा ओळखता येतो. माझा डाग पूर्ण गेला नाही. जवळून बघितले तर लाल रंगात जांभळट छटा दिसते आणि गरम पाण्याने बिघडलेली लोकर तिथे अजून राठ लागते. मला कोणी जिन्याखाली टाकले नाही.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखा कोणी जमिनीवर पडलेला असेल. त्याच्यावर क्ले सांडली तर घासू नका, गरम पाणी घालू नका. सुकू द्या, गार करा, हळूच टिपा. पण त्याच्याही आधी घरातल्या माणसांना सांगा. आणि घरातल्या मोठ्या माणसांनो, सांगायला आलेल्या मुलाचे बोलणे किटली उचलण्याआधी पुरते ऐकून घ्या. मला डागाने जेवढे छळले नाही, तेवढे त्या उशीच्या वजनाने छळले.

परवाच भिंगरीच्या हातून दुधाचा पेला निसटला. पेला माझ्यावर गडगडत होता, तेवढ्यात तिने हाक मारली, "आई, माझ्याकडून दूध सांडलं." आतून आईचा आवाज आला, "आले, फडकं घेऊन येते." मी चिंब भिजलो होतो. पण मला मुळीच भीती वाटली नाही.