खुर्चीतला माणूस बरोबर

कारागिराच्या बापाने त्याच्या हातात वस्तरा दिला तेव्हा एकच कायदा शिकवला होता. खुर्चीतला माणूस बरोबर. तो म्हणाला सूर्य उत्तरेला उगवतो, तर आपण म्हणायचं, हल्ली तिकडूनच उगवतो साहेब. हातात धार असताना वाद घालायचा नाही. गिऱ्हाईक बिचकतं, आणि बिचकलेलं गिऱ्हाईक मान हलवतं. पुढचं सांगायला नको.

कारागीर जन्मभर तसाच वागला. सकाळच्या खुर्चीत सरकार देवमाणूस, दुपारच्या खुर्चीत तेच सरकार चोर, आणि दोन्हींना याचा होकार सारखाच गोड. घरी बायको म्हणायची, "अहो, ही मान आहे का टेबलफॅन? ज्याच्याकडे वळवाल त्याला वारा."

तो हसायचा. धंदा होता तो.

मग शेजारच्या देशाशी वाजलं. दुकानातल्या टीव्हीवर रोज बॉम्ब. कुणाकडे किती, कुणाचा कुठपर्यंत पोचतो, क्रिकेटचा स्कोर सांगावा तसं सांगायचे. रोजचं गिऱ्हाईक म्हणजे एक ठेकेदार, मोठा आवाजी माणूस. तोंडभर साबण लावलेला असताना म्हणायचा, "दाबा म्हणावं बटण एकदाचं. कटकट मिटेल."

"मिटेल की," कारागीर म्हणायचा आणि गालावरून वस्तरा फिरवायचा.

इकडे बायकोचं भलतंच सुरू झालं. गल्लीत एक रिटायर झालेली मास्तरीण राहायची. तिने हिला एक फोटो दाखवला. खूप वर्षांपूर्वी बॉम्ब पडला होता त्या गावातल्या दगडी पायरीचा. वर बसलेला माणूस गेला, त्याची नुसती सावली दगडावर राहिली. त्या दिवशी बायकोने स्वयंपाक केला, वाढलं, पण स्वतः जेवली नाही. "पायरीवर बसला होता हो," एवढंच म्हणाली. "कुणाची तरी वाट बघत असेल."

तेव्हापासून दर शनिवारी दुपारी मास्तरीण आणि तिची माणसं चौकात जमायची, त्यांत बायकोही. मास्तरीण शिट्टी वाजवायची की निम्मी माणसं रस्त्याच्या कडेला मेल्यासारखी आडवी व्हायची, आणि उरलेली त्यांच्याभोवती खडूने रेघ ओढायची. पुन्हा शिट्टी झाली की सगळे उठायचे, कपडे झटकायचे. रस्त्यावर राहायच्या नुसत्या आकृत्या. बॉम्ब पडला तर एवढंच उरणार, असं लोकांनी बघावं म्हणून.

कारागिराचं दुकान चौकातच. दारासमोर दुपारची सावली, म्हणून पहिल्याच शनिवारी बायको तिथेच आडवी झाली. जिन्यावरून पडल्यापासून तिचा डावा गुडघा सरळ व्हायचा नाही. सगळे कसे ताठ मेले होते, ही एकटी पाय दुमडून.

खुर्चीत ठेकेदार होता. आरशातून त्याला बाहेरचं सगळं दिसत होतं.

"कारागीर, ती वाकड्या पायाची बाई कोण रे? मेल्यावर तरी पाय सरळ करायचा की."

हनुवटीखालची बाजू चालली होती. कारागीर हसला. नुसता हसला असता तरी एक वेळ चाललं असतं.

"काय माहीत साहेब," तो म्हणाला. "रिकामटेकड्या बायका. घरचे तरी कसे सोडतात."

वस्तरा पुसायला त्याने मान वर केली, तर आरशात बायको. शिट्टी होऊन गेली होती. ती पाणी प्यायला दारात आली होती, पाठीला रस्त्याची धूळ तशीच. माठाकडे गेलेला हात तिने मागे घेतला आणि आली तशी निघून गेली.

घरी तिने नेहमीसारखं ताट वाढलं. भांडली असती तर बरं झालं असतं, निदान त्याला ओरडता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायला गेला तर दारासमोर ती आकृती. पाय दुमडलेली. आंधळ्यानेही ओळखावी. आता येणारा जाणारा बघणार, विचारणार. त्याने बादली भरली आणि काथ्याच्या ब्रशने घासघासून रेघ घालवली. डोक्यापासून सुरुवात केली होती. गुडघ्यापाशी आला तेव्हा हात जरा थांबला, पण तेवढ्यात समोरचा चहावाला शटर उघडायला लागला, म्हणून तेही उरकलं.

बाजारातून येताना बायकोने विचारलं, "दुकानापुढचं पुसलं कुणी?"

"नगरपालिकेचा टँकर आला होता."

"बरा टँकर," ती म्हणाली. "सगळा चौक सोडून आपल्याच दारात आला."

पुढच्या शनिवारी ती दुकानासमोर आलीच नाही. पार पलीकडे, बँकेच्या बाजूला, भर उन्हात जाऊन आडवी झाली. त्याला अडचण नको म्हणून. हे कारागिराला आरशात दिसलं.

खुर्चीत पुन्हा ठेकेदार. "आज तिकडे मेली वाटतं तुझी वाकडी."

कारागिराने वस्तरा बाजूला ठेवला.

"साहेब, ती माझी बायको आहे."

"हो का," ठेकेदार म्हणाला. बस. आभाळ कोसळलं नाही, गिऱ्हाईक उठून गेलं नाही.

अर्धा गाल तसाच ठेवून कारागीर फडकं हातात घेऊन रस्ता ओलांडून गेला. तोपर्यंत शिट्टी झाली होती. ती एका हातावर भार देऊन उठत होती. त्याने हात पुढे केला. तिने धरला, पण उठली ती स्वतःच्याच बळावर.

"गिऱ्हाईक टाकून आलात?"

"ठेकेदारांना सांगितलं मी. तू कोण ते."

"त्यांना माहीत आहे की," ती म्हणाली. हिरव्या ओढणीची एक बाई खडूचे तुकडे गोळा करत होती, तिच्याकडे बोट केलं. "त्यांची बहीण. तीच आखते मला."

"मग मला कशाला विचारलं त्यांनी?"

"बघायला, तुम्ही काय सांगता ते. सगळ्या चौकाला माहीत आहे, अहो." ती कपडे झटकत राहिली. "ते तिला काय काय बोलतात चारचौघात. पण माझी बहीण म्हणूनच बोलतात."

कारागिराला फडक्याचं काय करावं कळेना. शेवटी त्याने तिच्या पाठीवरची धूळ झटकायला हात उचलला.

"राहू दे," ती म्हणाली. "जा, साबण वाळेल त्यांचा."

तो परत आला. साबण वाळलाच होता. त्याने ब्रश ओला करून पुन्हा फेस केला.

"काय म्हणतोस कारागीर," ठेकेदाराने विचारलं, "दाबायचं का नाही बटण?"

"नाही," तो म्हणाला. इतक्या हळू की पुन्हा म्हणावं लागलं. "नाही साहेब."

ठेकेदाराने गाल पुढे केला. कारागिराने तो अर्धा गाल खाली बघूनच उरकला. आरशात रस्त्यापलीकडची, बँकेची बाजू दिसत होती, आणि मधे त्याचं स्वतःचं तोंड होतं.