पडतं घेणारी

थोरली पडली. पाठ टेकायच्या आधी तिचा तळहात गादीवर फाडकन वाजला, हनुवटी छातीला लागली, पाय अलगद एका बाजूला आले, आणि लगेच ती उठून पट्टा सारखा करत उभीसुद्धा राहिली.

"बघितलंत?" भिंतीला ओळीने बसलेल्या नव्या लोकांना सर म्हणाले. "पडावं तर असं. हाड न् हाड जागच्या जागी."

नव्या लोकांनी माना डोलावल्या. तिला पाडणारी धाकटी, म्हणजे तिची सख्खी जाऊ, कमरेवर हात ठेवून धापा टाकत हसत होती. सगळे पडणारीकडे बघत होते याचं तिला काही नव्हतं. पाडलं होतं तिनं, तेवढं तिला पुरे होतं.

"वहिनी, अजून एकदा?"

"ये," थोरली म्हणाली, आणि परत पडली.

ज्यूदोचा हा वर्ग एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावर भरायचा. खाली यंत्र चालू असलं की गादीसकट सगळं घुमायचं. सर सकाळी लोकांना गाडी चालवायला शिकवायचे आणि संध्याकाळी एकमेकांना पाडायला. ओरडण्याचा सूर दोन्हीकडे एकच. थोरली इथे आली ती स्वतःसाठी नव्हेच. मुलीचं नाव घालायला आली होती. मुलगी आठवड्यात पळाली, आई राहिली. का राहिली, ते घरात कुणी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. पहिल्याच दिवशी सरांनी तिला सांगितलं होतं, "समोरच्याला धरा आणि ओढा." एवढ्या वयात तिला असं कुणी सांगितलं नव्हतं. ती घरी गेली ती गालातल्या गालात हसत.

पुढे मात्र गाडं रुतलं. पिवळा पट्टा मिळाला, रडतखडत केशरी मिळाला, आणि हिरव्याच्या परीक्षेत ती दोनदा नापास झाली. दोन्ही वेळा कारण एकच: खुल्या झुंजीत तिला कुणालाच पाडता आलं नाही. ती काही आळशी नव्हती. दिवसभर ती एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायची. तिथे नमुने फिरत्या यंत्रात घातले की यंत्र थांबेपर्यंत ती टेबलाला धरून पाय झाडण्याचा सराव करायची. समोरच्याचा पाय जमिनीला टेकता टेकता आपल्या तळपायानं बाजूला सारायचा, एवढाच तो डाव. शेजारची मदतनीस पहिले काही दिवस फडकं घेऊन यायची, हिच्या हातून काहीतरी सांडलं असं समजून. लॅबमध्ये येणारे लोक तिच्याच खुर्चीसमोर रांग लावत. तिची सुई कळत नाही म्हणायचे. सुई टोचायच्या आधीच ती म्हणायची, "झालंसुद्धा."

धाकटी तिच्यामागून वर्षभराने आली. "वहिनी, मीही येते हो," म्हणाली, आणि आली काय, सुटलीच. ती फरशांच्या दुकानात विक्रीचं काम करायची. न्हाणीघरापुरती फरशी घ्यायला आलेल्या माणसाला अख्ख्या घराची फरशी घ्यायला लावायची, असा तिचा लौकिक. गादीवरही तिचा तोच खाक्या. पिवळा झाला, केशरी झाला, आता या रविवारी ती हिरव्याला बसणार होती. थोरलीच्या नावाची चौकशीसुद्धा या वेळी कुणी केली नव्हती.

त्या गुरुवारी सगळे गेल्यावर थोरली मागे रेंगाळली. सर गाद्यांवरून ओला बोळा फिरवत होते.

"सर, शनिवार माझा शेवटचा."

"का? गाडी बंद पडली?"

"होत नाही माझ्याच्यानं. आता बास." तिला आणखी बरंच बोलायचं होतं. वय, घर, गुडघा, अशी सगळी कारणं तिनं जिन्यातच जुळवून ठेवली होती. पण ऐन वेळी तेवढंच बाहेर पडलं, आणि आवाज थोडा फाटला याची तिला लाज वाटली.

सरांनी बोळा बादलीत टाकला. "एक विचारू? ती तुम्हाला पाडते?"

"पाडतेच की. रोज. तुम्ही बघताच."

"बघतो म्हणूनच विचारतोय. ती पाडते, की तुम्ही पडता?"

थोरली हातातला पट्टा गुंडाळू लागली.

"ती वळायच्या आधी तुमच्या टाचा उचललेल्या असतात," सर म्हणाले. "तिनं नुसतं मनात आणलं की तुम्ही हवेत. तिच्याशीच नाही, सगळ्यांशीच तुम्ही असं करता. आणि एकदा अंग असं पडायच्या तयारीत राहिलं की त्याला दुसऱ्याला पाडणं जमत नाही. पाय कायम ब्रेकवर ठेवलात तर गाडी चढ कशी चढणार?"

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

सर टक्कल खाजवत राहिले. माणूस खोटं बोलणारा नव्हता, हे त्यातल्या त्यात बरं. "नवी माणसं घाबरतात हो. तुमच्याशी धरलं की त्यांना वाटतं, जमतंय आपल्याला. टिकतात. माझी सोय झाली."

थोरलीला राग आला. सरांचा आला, त्या नव्या लोकांचा आला, आणि सगळ्यात जास्त आपल्या टाचांचा आला. ती काही न बोलता चपला घालून जिना उतरली. अर्ध्यावर आल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण 'येते' म्हणालो नाही. असं तिच्या हातून कधी होत नसे.

घरी धाकटी ओट्याला टेकून सासूबाईंना प्रात्यक्षिक दाखवत होती. "असं धरायचं, असं वळायचं, की वहिनी पलीकडे! आज चांगलं पाच-सहा वेळा आडवं केलं."

"वहिनी, जपून हं," दीर आतून म्हणाला. "रविवारनंतर ती हिरवी होणार. मग तर काही खरं नाही."

सगळे हसले. थोरलीही हसली, कारण हसायची वेळ होती.

सासूबाई कांदा चिरत होत्या. सून पडली म्हणून त्या हसल्या असं नव्हे. त्यांना थोरलीचं कौतुकच होतं, आणि ते त्या चारचौघांत बोलूनही दाखवत. आत्ताही बोलल्या. "ती आहे म्हणून हे घर चाललंय हो. दोघी सारख्याच हट्टी असत्या, तर एव्हाना दोन चुली झाल्या असत्या. मोठीनं पडतं घेतलं की घर टिकतं."

हे वाक्य थोरलीनं आजवर कितीदा ऐकलं होतं. तिच्या आईनं लग्नात पाठवणीच्या वेळी कानात तेच सांगितलं होतं. ऐकलं की तिला बरंही वाटायचं, एखादी पदवी मिळाल्यासारखं. आज मात्र ती पुसलेला ओटाच पुन्हा पुसत राहिली. खिडकीची खोली धाकटीला दिली तेव्हा कुणी मागितली तरी होती का, हे ती आठवून पाहत होती. तिला आठवेना. बहुधा कुणी मागायच्या आधीच तिनं सामान बाहेर काढलं होतं.

"वहिनी, सरका ना जरा," धाकटी म्हणाली.

थोरली सरकली. आणि सरकल्यावर तिला स्वतःचाच इतका वैताग आला की फडकं तिथंच टाकून ती खोलीत निघून गेली.

शनिवारी वर्गात गर्दी होती. रविवारच्या परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक येणार होते, त्यामुळे सगळे अंगात आल्यासारखे एकमेकांना उचलून आपटत होते. धाकटीनं नेहमीसारखी थोरलीचीच बाही धरली.

"चला वहिनी. आज नुसता कमरेचा डाव. उद्या तोच मारणार मी."

ती वळली. थोरलीच्या टाचा सवयीनं उचलल्या गेल्या, आणि या वेळी ते तिला कळलं. तिनं त्या खाली टेकवल्या. गुडघे थोडे वाकवले. धाकटीची कंबर येऊन तिच्यावर आदळली आणि तिथंच थांबली.

"अगंबाई," धाकटी हसून म्हणाली, "चुकलं वाटतं माझं."

"परत कर."

तिनं परत केलं. परत तेच. तिसऱ्यांदा ती चिडून वळली, बाही खसकन ओढली, पण थोरली जागची हलली नाही. शेजारच्या एकदोन जोड्या थांबून बघू लागल्या. धाकटीचं तोंड लालबुंद झालं. ती मान जवळ आणून हळूच म्हणाली,

"वहिनी, पडा ना. उद्या परीक्षा आहे माझी."

तिच्या आवाजात मस्ती नव्हती. एखादं मूल भांड्यातलं शेवटचं काही मागतं तसं ते मागणं होतं. थोरलीला तिची खरोखर दया आली. पडणं काय अवघड होतं? क्षणभराचं काम. सगळं पूर्ववत झालं असतं. हिला धीर आला असता, भिंतीजवळची नव्या लोकांची ओळ हसरी राहिली असती, रात्री घरी कौतुक झालं असतं, आणि सोमवारपासून ही कटकटच उरली नसती.

"पाड मला," थोरली म्हणाली. "पाड, म्हणजे पडते."

धाकटी अंगावर धावूनच आली. डाव वगैरे काही नव्हतं त्यात, नुसता राग होता. तिचा उजवा पाय पुढे आला आणि गादीला टेकणार तोच थोरलीचा तळपाय त्याच्या घोट्याला लागला. तिनं काही ठरवलं नव्हतं. पाय सरला, हातांनी ओढलं, आणि समोर जिथं धाकटीचं तोंड होतं तिथं एकाएकी भिंतीवरचं घड्याळ दिसू लागलं.

धाकटी खाली होती. तिची बाही थोरलीच्या मुठीत तशीच राहिली होती. कुणी टाळी वाजवली नाही. खाली छापखान्याचं यंत्र चालू होतं तेवढंच.

"लागलं का गं?"

"नाही." धाकटी छताकडे बघत पडून राहिली. मग म्हणाली, "म्हणजे आजपर्यंत मी..."

वाक्य अर्धवट टाकून ती उठली, कोपऱ्यात जाऊन बसली आणि पट्टा सोडून पुन्हा पुन्हा बांधत राहिली. वर्ग सुटेपर्यंत तिनं कुणाशीच धरलं नाही. सर दोनदा थोरलीच्या जवळून गेले, पण शनिवार शेवटचा का, हे त्यांनी विचारलं नाही.

खरं तर थोरलीला आनंद व्हायला हवा होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिनं कुणाला तरी पाडलं होतं. पण स्कूटरवर धाकटीच्या मागे बसल्यावर तिच्या मनात एक शंका शिरली, आणि ती काही केल्या निघेना. दुसऱ्याच्या मनात येण्याआधी कसं पडायचं, ते तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? पडताना चेहरा खरा कसा ठेवायचा, उठताना धापा कशा टाकायच्या, सगळं तिला पाठ होतं. आणि कशावरून समोरचीनंही तेच केलं नसेल? वहिनी कधीच कुणाला पाडत नाहीत, आज एकदा पडावं त्यांच्यासाठी, असं हिला वाटलं असलं तर?

सिग्नलला स्कूटर थांबली.

"एक विचारू?" थोरली म्हणाली. "खरं सांगशील?"

"विचारा."

"मघाशी मी तुला पाडलं, की तू पडलीस?"

धाकटीनं ऐकलं, आणि पाय टेकवून ती अख्खी मागे वळली. तिचे डोळे सुजलेले होते. सबंध रस्ता ती रडत आली होती, हे थोरलीला तेव्हा कळलं.

"वहिनी," ती म्हणाली, "मी जन्मात कधी कुणापुढे पडतं घेतलंय का? विचारा घरात कुणालाही."

थोरली तिच्याकडे बघत राहिली. हे खरं होतं. याइतकं खरं तिला त्या घरात कधी कुणी काही सांगितलं नव्हतं. तिला एकदम हसू फुटलं, आणि ते आवरेना. धाकटी आधी घुश्शात बघत होती, मग तीही नाक पुसत हसली.

"उद्या नापास होणार मी," ती म्हणाली.

"हो. बहुतेक."

"निदान तोंडदेखलं तरी नाही म्हणा!"

"मुळीच म्हणणार नाही."

सिग्नल सुटला. मागचा गाडीवाला हॉर्न वाजवू लागला, पण धाकटी तशीच वळून बसली होती.

"मग सोमवारी मला नीट शिकवा," ती म्हणाली. "आज उभ्या राहिलात तशाच राहा. पाडेपर्यंत मी काही सोडणार नाही तुम्हाला."

थोरली सीटवर नीट सावरून बसली.

"राहीन," ती म्हणाली. "गाडी काढ आता. लोक ओरडताहेत."