इंग्रजी विभागाचं फर्निचर

आमच्या कॉलेजात एम.ए. इंग्रजीच्या तोंडी परीक्षेत तिसऱ्यांदा नापास झालेला विद्यार्थी विभागाचं फर्निचर होतो. माहितीपुस्तिकेत हजेरी, श्रेयांक आणि प्रबंधिका यांच्या अटींनंतर हे स्पष्ट छापलेलं असतं, त्यामुळे कुणाची तक्रार नसते. माझ्या आधीच्या बॅचचे चुडामणदादा फालक आता स्टीलचं कपाट आहेत. दार उघडलं की बोलतात, आणि दार नीट लागत नाही.

माझी तिसरी वेळ होती.

आमच्याकडची रीत अशी की बाहेरगावहून आलेल्या परीक्षकांच्या तोंडात काही असेपर्यंत ते प्रश्न विचारत नाहीत, आणि खाणं विद्यार्थ्यानं आणायचं. पहिल्या वेळी माझे वेफर्स लवकर संपले. दुसऱ्या वेळी मी बालूशाही आणली आणि परीक्षकांना मधुमेह निघाला. या वेळी मी गोड, तिखट, तळलेलं, उकडलेलं असं सगळं घेऊन आलो. निघताना आई म्हणाली, "हर्षल, खुर्ची झालास तर तिकडंच राहा. आपल्याकडं चार आहेत."

"काय रे भो, एवढं खाण्यात तर परीक्षकांच्या गाडीची वेळ होईल," डिशा बघून कपाटातून दादा म्हणाले.

परीक्षक डॉ. कानविंदे आले. पाहुण्यांसाठी ठेवलेल्या हाताच्या खुर्चीत बसले. कचोरीकडे त्यांनी फार प्रेमानं बघितलं आणि डिश बाजूला सारली.

"आज माझी निर्जळा एकादशी आहे."

"शेंगदाणे चालतील ना, सर?"

"पाणीसुद्धा चालत नाही."

तारीख मीच मागून घेतली होती. त्या दिवशी आमच्या गावच्या बसला गर्दी नसते.

इथून पुढचं सगळं इंग्रजीत झालं, पण मी मराठीतच सांगतो. माझा विषय होता 'इंग्रजी कादंबरीतील खुर्ची'. तो माझ्या गाइड सरोदे मॅडमनी दिला होता. बाकीचे विषय वाटून झाले होते.

"कादंबरीतली खुर्ची कशाचं प्रतीक असते?" कानविंदे सरांनी विचारलं.

"सत्तेचं, सर."

माझा उजवा गुडघा चौकोनी झाला. खोली थोडी लांबली. टेबलाच्या पलीकडे बसलेल्या सरोदे मॅडम दूर गेल्या.

"अजून?"

"घराचं."

डावा गुडघा गेला. खोली आणखी लांबली. आता मॅडमचा फक्त चष्मा दिसत होता.

"विचार करून बोला."

"एकटेपणाचं, सर. मानवी."

कमरेपर्यंत सगळं लाकडी झालं. मी हळूच पाय वाजवून बघितला.

"सागवान का, दादा?" मी कुजबुजलो.

"प्लायवूड," दादा म्हणाले. "सागवान नेट-सेटवाल्यांना."

दोन पायांच्या मागे आणखी दोन पाय फुटत होते. उठता येईना. भिंती दोन्ही बाजूंनी जवळ सरकल्या आणि खोलीची बोळ झाली. दूर कुठून तरी मॅडमचा आवाज आला, "हर्षल, आत्मविश्वास ठेव!" तो पोचेपर्यंत बारीक झाला होता. माझ्या पोटाशी सनमायका थंडगार लागत होता. आता बरगड्या, मग गळा, आणि मग बोलायचं काही उरणार नव्हतं.

कानविंदे सरांनी सुकलेल्या ओठांवरून जीभ फिरवली. "तुम्ही सांगता ते सगळं दुसऱ्यांचं आहे. तुमचा प्राथमिक स्रोत कोणता?"

मी खाली बघितलं.

"मी," मी म्हणालो. "कमरेपर्यंत."

पेन खाली ठेवून सर पुढे वाकले. "बोला."

"खुर्ची कशाचंच प्रतीक नसते, सर. तिला तेवढा वेळच नसतो. कादंबरीत माणूस खुर्चीत बसून रडतो तेव्हा लेखक त्याच्या डोळ्यांबद्दल लिहितो. पण सगळं वजन खाली आलेलं असतं. रडणारा माणूस जड लागतो, सर. खोटं बोलणारा सारखी जागा बदलतो. तुम्ही डावीकडे कलून बसता."

"मी?"

"तिलोत्तमाताईंचा मागचा डावा पाय त्यानंच हलायला लागलाय."

"कोण तिलोत्तमाताई?"

"नमस्कार, सर," त्यांच्या खालून आवाज आला. "तिलोत्तमा इंगळे. तुम्हीच नापास केलं होतं मला. तेव्हापण असेच कलून बसला होतात."

कानविंदे सर ताडकन उभे राहिले. खोली एकदम आखडली. मॅडमचा चष्मा जवळ आला, त्याच्यामागून मॅडम आल्या. सनमायका माझ्या पोटावरून वीतभर खाली उतरला.

"हे प्रबंधिकेत लिहिलेलं नाही," सर म्हणाले. ते आता कशावरच टेकत नव्हते. टेबलालासुद्धा हात लावत नव्हते.

"लिहिताना मी पूर्ण माणूस होतो, सर. संशोधनाला मर्यादा होत्या."

पोटात काहीच नसल्यामुळे सरांना हे सगळं स्पष्ट ऐकू गेलं असावं. मग ते म्हणाले, "इतकी वर्षं मी परीक्षा घेतोय. पहिल्यांदाच कुणीतरी मला काहीतरी सांगितलं." आणि त्यांनी माझ्या प्रबंधिकेवर सही केली. विशेष प्रावीण्य!

मॅडमनी टाळी वाजवली. माझे मागचे दोन पाय गळून पडले आणि पुढचा डावा पाय मऊ झाला. उजवा झाला नाही.

"तो मूळ प्रमाणपत्र आल्यावर होईल," मॅडम म्हणाल्या. "दीक्षान्त समारंभापर्यंत धीर धर."

मी एका पायावर आणि एका प्लायवूडवर उभा राहिलो. एम.ए. झालेला माणूस किती उंच असतो, हे मला तेव्हा कळलं. पंखा हाताला लागत होता.

तेवढ्यात कपाटाचं दार करकरलं.

"सर," चुडामणदादा म्हणाले, "माझा विषय 'इंग्रजी नाटकातील रहस्य' होता. माझ्या पोटात आजवरच्या सगळ्या उत्तरपत्रिका आहेत. माझी पण घ्या ना."

"माझी आधी," तिलोत्तमाताई म्हणाल्या. "मी बाईमाणूस, आणि सीनियर."

कानविंदे सरांनी घड्याळ बघितलं. गाडी गेली होती. त्यांनी बाह्या सारल्या आणि उभ्यानंच म्हणाले, "रांगेत या."

तिलोत्तमाताई लंगडत पुढे झाल्या. त्यांच्यामागे दादा खडखडत सरकले, मग टेबल, मग वर्गातले बाक एकमेकांना ढकलत, "ए, आमची बॅच आधी!" म्हणत. इतिहास विभागातून दोन स्टुलं विचारायला आली, बाहेरच्यांना चालेल का. खिडक्या सुटून आल्या. भिंतीवरचा फळा उतरला, अंगावरची खडूची धूळ झटकून त्यानं घसा खाकरला.

त्याच्यामागे जागा व्हावी म्हणून मी बाजूला झालो. थोडा वेळ कुणी आलं नाही. मग भिंत पायावरून सुटली आणि एक पाऊल पुढे आली, आणि जिथं ती होती तिथून भर दुपारचं ऊन आत आलं. वर छप्पर विचारत होतं, "नंबर कुठपर्यंत आलाय?"