अकराशे पन्नासचा रंग

वाटूरचे सर्जेराव जालन्यातल्या एका सळईच्या मिलमध्ये एकवीस वर्षं भट्टीवर होते. लोखंडाचे लांबट ठोकळे तापवायचे आणि नेमक्या घडीला रोलरकडे सोडायचे, हे त्यांचं काम. ठोकळा थंड गेला तर रोलर मोडायची भीती, जास्त तापला तर लोखंड जळून जायचं. भट्टीला मीटर होतं. पण ते बंद पडलं की सुपरवायझर हाक मारायचा, ‘‘सर्जेराव, बघा बरं.’’ सर्जेराव भट्टीत डोकावायचे आणि आकडा सांगायचे. मीटर दुरुस्त झाल्यावर ताडून पाहिलं तर फरक दहा-वीस अंशांचा.

त्यांची थोरली दैवशाला शहरातल्याच एका कॉलेजात पीएच.डी. करत होती, आणि तिचं कामही भट्टीवरच. फक्त तिची भट्टी आतून चपलांच्या खोक्याएवढी.

गॅसच्या लायटरमध्ये, सोनोग्राफीच्या यंत्रात एक सिरॅमिकची चकती असते. दाबली की वीज देते, वीज दिली की थरथरते. त्या चकतीत बहुतेक वेळा शिसं असतं, आणि शिसं विषारी. दैवशाला बिनशिशाची चकती बनवत होती. सोडियम, बिस्मथ असले क्षार पाण्यात विरघळवून त्यात जळण म्हणून ग्लायसिन घालायचं आणि हॉटप्लेटवर आटवायचं. पाकासारखं घट्ट झालं की ते आपोआप भुर्रकन पेटायचं, आणि मागं कापसासारखी हलकी भुकटी उरायची. सर्जेरावांनी एकदा तो भडका पाहिला तेव्हा ते स्टुलासकट मागं सरकले होते. ती भुकटी दाबून तिच्या चकत्या पाडायच्या आणि भाजायच्या.

भुकटी सुरेख निघायची. चकत्या मात्र वाया जायच्या. पुस्तकात लिहिलं होतं, अकराशे पन्नासला भाजा. दैवशाला बराबर तेवढ्यालाच भाजायची, आणि चकत्या कडेला वाकून, खालच्या बशीला चिकटून बाहेर यायच्या. वजनातही घटलेल्या असायच्या. दीड वर्ष ती भुकटीला दोष देत होती. ग्लायसिन कमी करून पाहिलं, वाढवून पाहिलं. हाती काही लागलं नाही.

कॉलेज बंद असलं की वीज कमी-जास्त होत नाही, म्हणून ती रविवारी भट्टी लावायची. तिच्या गाईड अंजू मॅडम यांचा नियम होता, रिकाम्या इमारतीत एकटीनं थांबायचं नाही, घरचं कुणीतरी सोबत पाहिजे. एरवी आई, म्हणजे उषाबाई, यायच्या. त्या रविवारी उषाबाई वाटूरला लग्नाला गेल्या होत्या, आणि सर्जेरावांना सुट्टी होती.

दुपारी एकच्या सुमाराला मीटरवर अकराशे पन्नास उमटलं. भट्टीच्या दाराला बोटभर भोक होतं, त्याला मातीचं बूच.

‘‘बघू का गं?’’

‘‘बघा, पण जल्दी. उष्णता जाते.’’

सर्जेरावांनी बूच काढून पाहिलं. पुन्हा पाहिलं. बूच लावून स्टुलावर येऊन बसले आणि तळहात चोळत राहिले. इथं सगळं शिकलेल्यांचं काम, मशीन कंपनीचं, आपण कशाला तोंड घालायचं? पण डोळे स्वस्थ बसू देईनात.

‘‘दैवशाला, किती झालं म्हणलीस?’’

‘‘अकराशे पन्नास.’’

‘‘न्हाई.’’

‘‘काय न्हाई?’’

‘‘हे अकराशे पन्नास न्हाई. बाराशेच्या वर हाये.’’

ती हसली. ‘‘आबा, डिजिटल मीटर आहे ते. अंदाजपंचे नाही सांगत.’’

‘‘असंल. पण अकराशे पन्नासचा माल रोज माझ्या म्होरून जातो. त्याचा रंग झेंडूच्या फुलावानी. हा रंग लिंबाकडं चाल्लाय. साठ-सत्तर जास्त हाये, बिलकुल.’’

आता ती हसली नाही. ‘‘म्हणजे माझं दीड वर्षाचं काम खोटं?’’

सर्जेरावांनी स्टूल भट्टीपासून मागं ओढलं. घरी जाताना गाडीवर पोरगी पार मागं सरकून बसली, आणि त्यांना वाटलं, उगाच जीभ उचलली.

सोमवारी संध्याकाळी ते ड्यूटीवरून आले तर दैवशाला दारातच उभी. हातात तिची वही.

‘‘आबा, तुमच्या मिलमध्ये उष्णता तपासायचं यंत्र असतं ना? आणता येईल?’’ मग हळूच म्हणाली, ‘‘मी सगळ्या चकत्यांची वजनं काढली परत. दर वेळी घट जास्तीच आहे. मला वाटायचं भुकटीत काही जळायचं राहिलं असेल. पण भट्टी जास्त तापत असेल तर बिस्मथ आणि सोडियम वाफ होऊन उडून जातात. तुम्ही म्हणता तेच असेल कदाचित.’’

मिलमध्ये मीटरं सांभाळणारा बबलू सर्जेरावांना मानायचा. गुरुवारी सुपरवायझरला विचारून तो आपली तपासणीची सळी घेऊन कॉलेजात आला. अंजू मॅडमही थांबल्या. भट्टी तापली, बबलूनं भोकातून सळी आत सरकवली आणि चौघंही दोन आकड्यांकडे बघत राहिले. भट्टीचं मीटर म्हणालं अकराशे पन्नास. बबलूचं म्हणालं बाराशे सोळा.

‘‘मामा, तुमचा डोळा हाये का मीटर!’’ बबलू ओरडला.

सर्जेरावांनी पोरीचं उतरलेलं तोंड पाहिलं आणि त्यांना हसू आलं नाही.

कारण साधं निघालं. कधीतरी दुरुस्तीत भट्टीची स्वतःची उष्णता मोजणारी तार मागं सरकली होती. तिचं टोक भिंतीच्या विटेतच राहिलं होतं. वीट आतल्यापेक्षा थंड, म्हणून मीटर कमी दाखवायचं.

‘‘मॅडम, सगळे आकडे चुकलेत,’’ दैवशाला म्हणाली. ‘‘जुन्या वह्या बाजूलाच ठेवू का? नव्यानं करते आणि तेवढंच लिहिते.’’

अंजू मॅडमनी चष्मा काढून पुसला. ‘‘तुझं काम आहे. तू ठरव.’’

सर्जेराव कोपऱ्यात उभे होते. त्यांच्या मनात आलं, पोरी, सोप्या वाटेनं जाऊ नको. पण बोलायची पाळीच आली नाही. दैवशालानं वही उघडली, पट्टी घेतली आणि ‘भट्टीनं दाखवलेलं’ असं वर लिहून शेजारी दुसरा रकाना आखला. त्यावर लिहिलं, ‘खरं’.

पुढचे पाच महिने तिनं एकूण एक चकती नव्यानं पाडून भाजली. हजार पन्नासपासून बाराशेपर्यंत, दर वीस-तीस अंशांवर, दोन तास, चार तास, सहा तास. तार जागेवर बसवली तरी दर वेळी बबलूकडची सळी आत. सर्जेराव आपल्या सुट्ट्या तिथंच काढू लागले. उषाबाई म्हणायच्या, ‘‘मिलमधी भट्टी, सुट्टीलाबी भट्टी. घरात चूल तरी बघा कधी.’’

एका रविवारी ती चकत्या काट्यावर ठेवता ठेवता थबकली. खऱ्या एक हजार नव्वदला भाजलेली चकती सगळ्यांत घट्ट होती, सरळ होती, आणि दाबल्यावर सगळ्यांत जास्त वीज देत होती. पुस्तकातल्या अकराशे पन्नासपेक्षा साठ अंश खाली!

‘‘असं कसं गं?’’

‘‘भुकटी बारीक आहे ना, आबा. पेटवून केलेली. बारीक कण लवकर जुळून येतात, त्यांना कमी आच पुरते. भुकटी पहिल्यापासून चांगलीच होती. मीच तिला जाळत होते.’’

छत्रपती संभाजीनगरच्या परिषदेत तिनं हे मांडलं तेव्हा सर्जेराव इस्त्रीचा शर्ट घालून मागच्या रांगेत बसले होते. पडद्यावरचं इंग्रजी त्यांना समजत नव्हतं, पण दोन रकाने ओळखू येत होते. तिनं काहीच झाकलं नव्हतं. शेवटी एक पांढऱ्या केसांचे प्राध्यापक उठले आणि मराठीतच म्हणाले, ‘‘तुमच्या भट्टीचं मीटर दीड वर्ष चुकत होतं. कळलं कसं?’’

सभागृहात कुणीतरी हसलं. दैवशालाचा आवाज हलला नाही.

‘‘सर, माझ्या वडिलांनी रंग बघून ओळखलं. ते जालन्यात मिलच्या भट्टीवर काम करतात. त्यांनी साठ-सत्तर सांगितलं, मोजलं तर सहासष्ट निघालं. मग प्रत्येक चकती मी नव्यानं पाडून भाजली.’’

‘‘ते आलेत?’’

तिनं मागं हात केला. माना वळल्या. सर्जेरावांना उठावं की बसावं कळेना; उठले, हात जोडले. सभागृहात टाळ्या वाजायला लागल्या. पण मनात एकच घोळत होतं. रंग तर मिलमधला कुणीबी सांगंल. दीड वर्षाचं केलेलं मोडून परत उभं करायला छाती लागती, आणि ती छाती माझ्या पोरीची.

जेवणाच्या वेळी ते प्राध्यापक हातात ताट घेऊन त्यांना शोधत आले. ‘‘हजार नव्वदचा रंग कसा असतो हो?’’

‘‘केशरी,’’ सर्जेराव म्हणाले. ‘‘पिकल्या पपईच्या आतल्या गरावानी. पण साहेब, ते माझ्या मिलमधी चालत न्हाई, लोखंड कच्चं राहतं. त्या आचंचं काम हिला इचारा.’’

आणि त्यांनी लेकीला पुढं केलं.