व्हर्नाच्या पिस्तुलाची माशी

व्हर्नाने पिशवी माझ्या कामाच्या टेबलावर ठेवली आणि अंगातला कोटही न काढता म्हणाली, "एमिल, ही माशी काढ. दुसरी बसव."

"अगं, सोमवारी तर बसवली."

"बसवली म्हणून काय लोणचं घालू तिचं? नेम लागत नाही."

पिस्तुलाच्या नळीच्या टोकाशी जो इवलासा उभा तुकडा असतो, ती माशी. मागच्या बाजूला खाच. खाचेच्या बरोबर मध्ये माशी धरायची, माशी निशाणावर टेकवायची आणि चाप ओढायचा. सांगायला एवढंच आहे. पण आमच्या गावातली अर्धी भांडणं या दोन तुकड्यांवरून होतात आणि उरलेली फुटबॉलवरून.

व्हर्ना म्हणजे माझ्या धाकट्या भावाची बायको. मायरनला जाऊन आता बरीच वर्षं झाली. पोलादाचा कारखाना बंद पडल्यापासून मी गॅरेजमध्ये बंदुका दुरुस्त करतो आणि व्हर्नाच्या पिस्तुलाला माझ्याशिवाय कुणी हात लावलेला नाही. आमच्या शिकारी क्लबात गुरुवारी नेमबाजी असते. तिथे काळ्या ठिपक्याच्या गोल कागदावर तिच्यासारखा नेम कुणाचाच नाही. चांगले दांडगे पुरुष तिच्या शेजारची जागा मिळाली की कुरकुरतात. कागद काढून आणल्यावर तुलना होतेच ना.

आणि आता तिच्या गोळ्या खाली डावीकडे जात होत्या. एखाद-दुसरी नाही, सगळ्या.

शनिवारी ट्रॉय तुरुंगातून सुटणार होता, हे खरं तर मी आधीच सांगायला हवं होतं. ट्रॉय तिचा एकुलता एक मुलगा. आधी पाठदुखीच्या औषधाची चटक लागली, मग त्याहून वाईट कशाची तरी. एकदा पैसे मागायला आला, तिने नाही म्हटलं, तर त्याने आईला तळघराच्या जिन्यावरून ढकलून दिलं. हात मोडला. शेजारणीने हाका ऐकल्या म्हणून वाचली. न्यायाधीशाने त्याला आत टाकलं, आणि सुटल्यावर आईच्या घराकडे फिरकायचं नाही असा हुकूमही दिला. पण हुकूम काही दाराला कडी लावत नाही. हे तिला मीच सांगितलं. पिस्तूल कपाटातून काढ, कोटाच्या आतल्या खिशात ठेव, घरातसुद्धा कोट उतरवू नकोस. गोल कागद सोड आणि माणसाच्या आकाराच्या कागदावर सराव कर. हेही मीच. मी स्वतः कंबरेला पिस्तूल लावल्याशिवाय टपालपेटीपर्यंतही जात नाही, चर्चमध्येही जात नाही. असा माणूस दुसरा काय सल्ला देणार?

तिने ऐकलं, आणि तिथून हे सुरू झालं.

खेळाची माशी आणि खिशातल्या पिस्तुलाची माशी, दोघींचं एकमेकींशी पटत नाही. खेळाची माशी काळी, बारीक, धारदार कडांची. उजेडात, सावकाश, श्वास रोखून बघायची. खिशातल्या पिस्तुलाला जाड, ठळक माशी लागते. घाबरलेल्या डोळ्याला पटकन दिसली पाहिजे आणि कोपरे गोल हवेत, नाहीतर बाहेर काढताना अस्तराला अडकते. एकाच पिस्तुलावर दोन्ही सुखं मिळत नाहीत. व्हर्नाची जुनी काळी माशी काढून मी आधी अंधारात चमकणारी बसवली. "मांजर बघतंय माझ्याकडे," म्हणाली. मग लाल ठिपक्याची. "ठिपका दिसतो, त्याच्यामागचं काही दिसत नाही." मग मागची खाच रुंद केली. गोळ्या आपल्या खाली डावीकडे.

शेवटी मी कानस घेतली. गोळी खाली जात असेल तर माशी घासून ठेंगणी करायची, म्हणजे गोळी वर चढते. डावीकडे जात असेल तर मागची खाच उजवीकडे ठोकायची. तेवढं केलं आणि स्वतः झाडून पाहिलं. माझ्या गोळ्या वर उजवीकडे गेल्या. म्हणजे पिस्तूल आधी ठीकच होतं, मी ते घासून बिघडवलं होतं. गोळी चुकली की माशीला शिव्या घालायच्या, ही आमच्या लोकांची खोडच आहे. माशी काही उलटून बोलत नाही.

उजव्या हाताच्या माणसाची गोळी खाली डावीकडे जाते तेव्हा कारण काय असतं, ते क्लबातलं शेंबडं पोरही सांगेल. बार उडायच्या आधीच हात दचकतो. पण हा आजार नवशिक्यांचा. व्हर्नाला तसं म्हणायला माझी जीभ रेटेना.

"चष्मा तपासून घेतलास का?" मी विचारलं.

"डोळे ठणठणीत आहेत. तो पलीकडचा माश्यांचा ट्रे दाखव." ती एका जागी उभी राहत नव्हती. टेबलाला लावलेल्या पकडीचा दांडा फिरव, ड्रॉवर उघड, बंद कर, खिडकीशी जा. रस्त्यावर गाडीचं दार वाजलं की बोलणं अर्ध्यात सोडून बाहेर बघायची. तिला बघून मीही बावचळलो. मला कानस कुठे ठेवली ते सापडेना, आणि ती माझ्या हातातच होती.

"व्हर्ना, कोट काढ, बस जरा. कॉफी देतो."

"तूच म्हणालास कोट काढू नकोस."

"माझ्या गॅरेजात कोण येणारे?"

"शनिवार तीन दिवसांवर आलाय एमिल, आणि मला दहा पावलांवरचा कागद नीट फोडता येत नाही. तू कॉफीचं काय घेऊन बसलायस?"

मग मात्र मी ठरवलं. जुनी काळी माशी परत बसवली, खाच पितळी ठोकणीने बरोबर मध्ये आणली, आणि म्हणालो, "चल क्लबात. आज तुझ्या काडतुसांचं मॅगझिन मी भरणार."

ती माझ्याकडे बघतच राहिली. आमच्याकडे ही जुनी रीत आहे. कुणाचा नेम बिघडला की दुसऱ्याने त्याचं मॅगझिन भरायचं आणि खऱ्या काडतुसांत गुपचूप एखादं नकली घालायचं. कितवं, ते झाडणाऱ्याला ठाऊक नसतं. नकली आलं की चाप ओढला तरी बार उडत नाही, नुसतं टक् वाजतं, आणि त्या क्षणी हात काय करतो ते सगळ्यांना उघड दिसतं. याला नाही म्हणायचं नसतं.

"ठीक आहे," ती म्हणाली. तिचे गाल लाल झाले होते.

क्लबात डेल्बर्ट ऑस्टर एकटाच होता. रेंजची देखरेख तोच करतो. कागदात गुंडाळलेलं माशाचं सँडविच खात बसला होता. माझ्या हातात मॅगझिन बघून त्याला चेव आला.

"काय व्हर्ना, नवशिक्यांच्या वर्गात नाव घातलंस? फी भरलीस का?"

"तुझ्या मिशीला चटणी लागलीय, डेल्बर्ट. ती पूस आधी."

मी माणसाच्या आकाराचा कागद लावला, मॅगझिन भरून दिलं आणि तिच्या मागे उभा राहिलो. पहिली गोळी खाली डावीकडे. दुसरी तिच्या शेजारी. मग टक्. आणि बार न उडताच, गळाला मासा लागल्यावर काठी वाकते तशी पिस्तुलाची नळी खाली डावीकडे गेली. कुणी ओढली नव्हती. तिचाच हात.

डेल्बर्टने सँडविच खाली ठेवलं. थट्टा केली नाही, हे त्याचं मोठेपण. मला मात्र तिथून पळून जावंसं वाटलं. इतक्या वर्षांची नेमबाज, आणि मी तिला नवशिक्यासारखी उघडी पाडली होती. तिची लाज राखायला काहीतरी करायचं म्हणून मी तो कागद फाडून काढला आणि नेहमीचा गोल कागद लावला.

"आता हा. तुझा आवडता."

पुन्हा मॅगझिन भरलं, पुन्हा नकली घातलं. पहिली गोळी काळ्या ठिपक्यात. दुसरी त्याच भोकाला चिकटून. मग टक्. नळी तसूभरही हलली नाही. पुढची गोळी परत काळ्यात.

"अरे बापरे," डेल्बर्ट म्हणाला. आणि मग, का कोण जाणे, आपलं सँडविच घेऊन बाहेर गेला.

"पिस्तूल तेच, माशी तीच, हातही तोच," मी म्हणालो. "मग फरक कशाचा?" आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. इतका ढ माणूस गावात दुसरा नसेल.

तिने पिस्तूल रिकामं करून ठेवलं, कानावरची झाकणं काढली. फाडलेला कागद जमिनीवर पडला होता, तो उचलून हाताने सरळ केला.

"याला खांदे आहेत, एमिल."

ती कागदावरच्या खांद्यांवरून बोट फिरवत होती.

"मायरनचे होते तसे. ट्रॉयचे आहेत तसे. तू सांगितलंस म्हणून रोज येतेय आणि याच्यावर गोळ्या झाडतेय. रोज. आणि घरी जाऊन त्याची खोली झाडतेय. मला वाटलं माशीच वाईट आहे. देवाशपथ, मला खरंच तसं वाटलं."

"त्याने तुला जिन्यावरून ढकललं, व्हर्ना."

"मला माहीत आहे कुणी ढकललं. जिन्यावर तू नव्हतास, मी होते."

मला वाईट वाटलं, आणि रागही आला. तिचा, ट्रॉयचा, आणि सगळ्यात जास्त माझा. मायरन असता तर त्याने मला क्लबाच्या बाहेर काढलं असतं.

परत आलो तेव्हा तिने पहिल्यांदा कोट काढला आणि खुंटीला लावला. मग ट्रेमधल्या एकेक वस्तू बोटाने सरकवत शेवटी एक जोडी उचलली. नुसत्या खेळाची. उंच, काटकोनी कडांची माशी, आणि मागे स्क्रूने वरखाली होणारी मोठी खाच, कोपरे असे की बोट कापेल.

"ही बसव."

"ही खिशातून निघणार नाही. अस्तराला अडकेल."

"माहीत आहे."

"व्हर्ना, अगं ऐनवेळी ओढलंस तर कोट फाटेल, पिस्तूल बाहेर येणार नाही."

"एमिल, मी पहिल्यांदाच ऐकतेय का माशीबद्दल? म्हणूनच ही पाहिजे. गुरुवारच्या खेळाला. बाकीचे दिवस पेटीत."

मी खोबण साफ केली, जोडी बसवली, एका बाजूने हलकेच ठोकत मध्ये आणली. हात चालत होते, पण डोक्यात शनिवार घोंघावत होता.

"आणि तो आला तर?"

"साखळी लावून बोलेन. तू येऊन बस. सकाळपासून."

"येणारच होतो."

"पण ते घरी ठेवून ये." तिने माझ्या कंबरेकडे बोट केलं.

"वेडी आहेस का? दोघांपैकी एकाकडे तरी..."

"घरी ठेवून ये, नाहीतर येऊ नकोस."

शनिवारी पिस्तूल ड्रॉवरमध्ये ठेवलं तर पट्टा सैल झाला आणि विजार घसरायला लागली. तिच्या स्वयंपाकघरात मी सतरा वेळा उठलो, सतरा वेळा बसलो. तिने कोबी-नूडल्स केल्या होत्या, त्या कुणी खाल्ल्या नाहीत. दुपारी दारावर थाप पडली.

तिने साखळी लावली, दार वीतभर उघडलं. फटीतून मला तो दिसला. बारीक झालेला, अंगावर कुणाचं तरी पातळ जॅकेट. खांदे मात्र मायरनचेच, अगदी तेच.

"आई, आत येऊ का? फक्त पाच मिनिटं."

"नाही. तुला इथे यायची बंदी आहे आणि ती मलाही हवी आहे. कपडे, पैसे, काय लागेल ते एमिल आणून देईल. तू कुठे उतरलायस ते त्याला सांग."

तिचा आवाज चढला नाही. साखळीवरचा तिचा हात मी बघत होतो, गोल कागदासमोर असतो तसा होता. ट्रॉय पायरीवरच उभा राहिला. बाहेर बर्फाळ वारा होता. त्याने एकदम जॅकेटच्या आत हात घातला.

माझा हात कंबरेला गेला. मी विचार केला नाही. हात आपोआप गेला, बोटं मिटली, आणि तिथे नुसता सैल पट्टा होता.

ट्रॉयने आतून लोकरी टोपी काढली, कानांवर ओढली आणि पायऱ्या उतरून निघून गेला.

व्हर्नाने दार लावलं. मग मागे वळून तिने माझ्या हाताकडे पाहिलं. तो अजून कंबरेलाच होता, बोटं मिटलेली.