शेंदराखालची साल

"आल्या! मुळ्या आल्या!"

किन्हीराजा गावच्या पारावर गर्दी उसळली. काठीवाल्या महाराजांनी कुंडीतून शेंदूर माखलेली काठी उपसली. खाली पांढऱ्या, ओल्या मुळ्या.

"सुक्या लाकडाले मुळ्या फुटल्या, तं माणसाले बोटं काहून नाही फुटणार?" महाराज गरजले. "विश्वास पाहिजे. डॉक्टराची पट्टी नाही!"

पट्टी.

पौर्णिमानं बापाच्या हाताकडे पाहिलं. सोयाबीन काढताना उकंडरावांची दोन बोटं थ्रेशरमध्ये गेली होती. आता जखमेवर महाराजांची राख. मनगटापर्यंत सूज, वास, अंगात ताप.

"बाबा, दवाखान्यात चला."

"थांब ना पोरी. मुळ्या पाह्यल्या ना?"

पाहिल्या. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची ती. मुळ्या खऱ्याच होत्या.

मग खोटं काय?

काठीचं सुकेपण.

शेंदूर लागला की कुणी खरवडत नाही. दगडाचासुद्धा देव होतो. पौर्णिमानं पुढे होऊन काठीला नख मारलं.

"ए! हात झडन तुहा!" महाराज ओरडले.

झडला नाही. शेंदराखाली हिरवी साल. सालीला झणझणीत वास. तिच्या आईनं, सोजरबाईंनी, वाकून हुंगलं.

"अवं माय! हा तं शेवगा व्हय! न्हाणीमागं आपून असाच फाटा खुपसला होता."

"पालवी फुटली का खुडत असन बुवा," मागून कुणीतरी म्हणालं. "महाराज, शेंगा कवा लागतीन?"

हशा.

उकंडराव हसले नाहीत. "शेवग्याले जमते. मंग मले काहून नाही?"

पौर्णिमा त्यांच्याजवळ बसली.

"बाबा, दर पेशीत अख्ख्या अंगाचा आराखडा असते. पण त्यातलं काय वापरायचं, काय झाकून ठेवायचं, याच्या खुणा असतात. फाटा तोडला की झाडाच्या काही पेशी जुन्या खुणा पुसतात, खोडाच्या होत्या त्या मुळाच्या होतात. आपल्या हातातल्या पेशींले ते जमत नाही. कातडी भरते. बोट येत नाही."

"कदीच?"

"कदीच नाही. पण हात वाचन. आत्ता निघालो तं."

उकंडरावांनी पारावरच्या काठीकडे पाहिलं. मग हात पुढे केला. "राख धू."

वाशीमच्या जीपमध्ये बसेपर्यंत महाराज पसार झाले होते. काठी तिथंच. कडेवर तापलेलं लेकरू घेऊन एक बाई त्या काठीपुढे वाकत होती, लेकराला लावायला शेंदूर बोटावर घेऊन.

"थांबव रे गाडी!" उकंडरावांनी सुजलेला हात खिडकीबाहेर काढला. "बाई, ह्या हाताकडे पाह्य! लेकराले दवाखान्यात ने. आन् हात जोडाच्या आंधी नख लावून पाहत जा!"